नऊदा चालतं, दहाव्यांदा रुसतं

वाचकांचे प्रश्न : एफपीजीएमधला क्लॉक, रीसेट आणि पिना

मागच्या अंकात पानाच्या तळाशी एक ओळ छापली होती, "एफपीजीएवर काम करताना गाडं कुठे अडतं ते कळवा." एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपण लिहून ठरवायची चिप, आणि व्हेरिलॉग ही ते लिहायची भाषा. त्या व्हेरिलॉगच्या कोडबद्दल पत्रं येतील असं संपादकांना वाटत होतं. आली ती जवळजवळ सगळी कोडच्या बाहेरची. क्लॉक, म्हणजे सर्किटला चालवणारे ठोके, कुठून येतो, रीसेट, म्हणजे सर्किटला सुरुवातीच्या स्थितीत धरून ठेवणारा सिग्नल, कधी सुटतो, कुठली तार कुठल्या पिनेला. मला नवल वाटलं नाही. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांचं गाऱ्हाणंही हेच असतं, सिम्युलेशनमध्ये सगळं झकास आणि टेबलावर आलं की रुसवे. पत्रं छाटून घेतली आहेत. नावं गाळली आहेत, कारण दोघांनी खाली लिहिलं होतं, "साहेबांना कळू देऊ नका."

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बेसिस ३ बोर्डावर एलईडी लुकलुकवायचा साधा प्रयोग. सिंथेसिस झालं, इम्प्लिमेंटेशन झालं, पण बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची फाइल) करताना व्हिवाडो या सॉफ्टवेअरने एनएसटीडी-१ आणि यूसीआयओ-१ अशा दोन एरर दिल्या. ग्रुपवर एका सीनियरने दोन ओळी पाठवल्या. त्या एक्सडीसी फाइलमध्ये (पिना आणि अटी लिहायच्या फाइलमध्ये) टाकल्यावर एरर गेल्या, बिटस्ट्रीम झाली, बोर्डावर गेलीसुद्धा. चिप भरून झाल्याचा डनचा दिवा लागतो, पण माझा एलईडी ढिम्म हलत नाही. बोर्ड गेला का? तो कॉलेजचा आहे. (कळवा)

उत्तर : बोर्ड गेलेला नाही, घाबरू नकोस. त्या दोन ओळी मात्र आधी खोड. मला त्या ओळी पाठ आहेत. दर महिन्याला कुणाच्या तरी फाइलमध्ये दिसतात आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. त्यांनी एरर दुरुस्त होत नाही, एररला नुसतं 'वॉर्निंग' म्हणायला सांगितलं जातं.

एनएसटीडी-१ म्हणजे, या पोर्टचं (कोडमधल्या, चिपबाहेर जोडायच्या सिग्नलचं) व्होल्टेजचं मानक तू सांगितलेलं नाहीस. यूसीआयओ-१ म्हणजे, हा पोर्ट चिपच्या कुठल्या पिनेवर ते सांगितलेलं नाहीस. तू सांगितलं नाहीस आणि वर गप्प बस म्हणालीस, तेव्हा व्हिवाडोने स्वतःच्या मनाने पिना वाटल्या आणि मानक म्हणून १.८ व्होल्टचं एलव्हीसीमॉस धरलं. बेसिस ३ वर १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर डब्ल्यू-५ पिनेवर आहे आणि पहिला एलईडी यू-१६ वर. तुझा क्लॉक पोर्ट भलत्याच पिनेवर जाऊन बसलाय, तिथे ऑसिलेटर नाही. काउंटर हलणार कसा?

आता खरी मेख. तू म्हणतेस, बोर्डाची तयार एक्सडीसी फाइल घातली होती आणि क्लॉकची ओळही उघडली होती, म्हणजे तिच्यापुढचं हॅश काढलं होतं. मग मेसेजेसच्या टॅबमध्ये जा आणि क्रिटिकल वॉर्निंग तेवढ्या गाळून बघ. १२-५८४ नंबरची एक दिसेल, अमुक नावाचा पोर्ट सापडला नाही अशी. तयार फाइलमध्ये पोर्टचं नाव 'सीएलके' आहे. तुझ्या पत्रातल्या कोडमध्ये ते 'सीएलके_इन' आहे. नाव जुळलं नाही की ती अख्खी ओळ वाया जाते, आणि व्हिवाडो त्यावर थांबत नाही, पुढे चालत राहतं. लहान-मोठ्या लिपीतला फरकही त्याला चालत नाही. दोन्हीकडे एकच नाव कर. मी नेहमी कोडमधलं नाव तसंच ठेवते आणि एक्सडीसी बदलते.

एवढं झालं की इम्प्लिमेंटेड डिझाइन उघड आणि आय-ओ पोर्ट्सचा तक्ता बघ. प्रत्येक पोर्टपुढे पिन, मानक आणि 'फिक्स्ड'चा रकाना असतो. फिक्स्डला खूण नसलेला पोर्ट म्हणजे पिन तू दिलेली नाहीस, टूलने दिलीय. आज तुझा एलईडीच लागला नाही, एवढ्यावर निभावलं. पीमॉडवर, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या जोडणीवर, दुसरं काही मॉड्यूल जोडलेलं असतं आणि टूलने एखादं आउटपुट नेमकं त्याच्या आउटपुटवर नेऊन ठेवलं असतं, तर दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढत बसले असते आणि चिप खरोखर तापली असती.

जाता जाता एक. ओळीच्या शेवटी तुला टिपण लिहायची सवय दिसते. या फाइलमध्ये आज्ञा संपल्यावर त्याच ओळीत हॅशचं चिन्ह टाकायचं तर आधी अर्धविराम हवा, नाहीतर टिपणही आज्ञेचाच भाग समजलं जातं आणि ती ओळ फुकट जाते. तयार फाइलमध्ये ते अर्धविराम उगाच नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी महाप्याला एका छोट्या कंपनीत हार्डवेअर बघतो. आमच्या बोर्डावर आर्टिक्स-७ ची ३५टी चिप आहे. बाहेरून २५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, आत एमएमसीएमने (क्लॉकचा वेग बदलणाऱ्या भागाने) ५० आणि १२५ मेगाहर्ट्झ केले आहेत. रीसेटसाठी १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडची आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरची) जोडी सरळ एका पिनेवर आणली आहे, बटणही तिथेच. कोडमध्ये सगळीकडे असिंक्रोनस, म्हणजे क्लॉकची वाट न बघणारा रीसेट. पॉवर दिली की बहुतेक वेळा बोर्ड नीट चालतो. मधूनच एखाद्या वेळी स्टेट मशीन (काम एकेका स्टेटने पुढे नेणारं सर्किट) सुरूच होत नाही. बटण दाबलं की सुरळीत. ग्राहकाला 'बटण दाबा' सांगत किती दिवस काढायचे? साहेब म्हणतात, कपॅसिटर मोठा घाला. (महापे, नवी मुंबई)

उत्तर : कपॅसिटर राहू द्या. आधी कागदावर एक हिशोब करा, तुमचा तुम्हालाच धक्का बसेल.

१० किलोओहम गुणिले १० मायक्रोफॅरड म्हणजे १०० मिलिसेकंद. पॉवर आल्यावर साधारण एवढ्या वेळात तुमची रीसेटची पिन वर जाते आणि रीसेट संपतो. त्या वेळी चिप काय करत असते? आर्टिक्स ही एसरॅमवर चालणारी चिप. पॉवर येते तेव्हा ती कोरी असते, शेजारच्या फ्लॅशमधून स्वतःचं डिझाइन वाचून घेते. ३५टी ची बिटस्ट्रीम १,७५,३६,०९६ बिटांची आहे. फ्लॅश एकाच डेटा वायरवर वाचत असाल आणि कॉन्फिगरेशनचा वेग जसा आहे तसा, ३ मेगाहर्ट्झवर सोडला असेल, तर हे वाचन संपायला जवळजवळ ६ सेकंद लागतात. म्हणजे तुमचा रीसेट येऊन गेला तेव्हा ज्याला रीसेट करायचं ते सर्किट चिपमध्ये अजून जन्मालाच आलं नव्हतं! पॉवर दिल्यावरचा रीसेट तुमच्या डिझाइनला आजवर एकदाही मिळालेला नाही.

मग बहुतेक वेळा चालतं कसं? कारण फ्लिपफ्लॉपच्या (एकेक बिट धरून ठेवणाऱ्या घटकांच्या) सुरुवातीच्या किमती बिटस्ट्रीममध्येच असतात. वाचन संपलं की चिप सगळ्यांना त्या किमतींवर ठेवते आणि मग मोकळं सोडते. सोडण्याचा हा क्षण कॉन्फिगरेशनच्या क्लॉकवर ठरतो, तुमच्या ५० मेगाहर्ट्झशी त्याचं काही देणंघेणं नाही. शिवाय तेव्हा एमएमसीएम लॉक, म्हणजे स्थिर, झालेला असेलच असं नाही, आणि लॉक होण्याआधी त्यातून बाहेर पडणाऱ्या ठोक्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

आता तुमची स्टेट मशीन बघू. पत्रात तुम्ही लिहिलंय ती वन-हॉट आहे, सहा स्टेट, सहा फ्लिपफ्लॉप, त्यातला एकच १. सुरुवातीला आयडलचा फ्लिपफ्लॉप १, बाकी पाच ०. समजा मोकळं सोडण्याचा क्षण क्लॉकच्या चढत्या कडेला (तो ० चा १ होतो त्या क्षणाला) अगदी चिकटून आला. आयडलच्या फ्लिपफ्लॉपला ती सुटका कडेच्या आधी कळली, पुढच्या स्टेटच्या फ्लिपफ्लॉपला कडेनंतर. त्या एका कडेवर आयडल म्हणाला, मी पुढे निघालो, आणि ० झाला. पुढचा अजून रीसेटमध्येच होता, त्याने १ घेतलाच नाही. आता सहाही शून्य. शून्यातून बाहेर पडायची वाट तुमच्या कोडमध्ये नाही, म्हणून मशीन तिथेच बसून राहते. लेझीमच्या पथकात शिट्टी हलगीच्या ठोक्यावरच वाजली तर निम्मे या ठोक्याला पाय उचलतात आणि निम्मे पुढच्या, तसं हे आहे. कुणीच चुकलेलं नसतं, पण रांग मोडते.

बटणाने सुरळीत होतं, कारण तेव्हा चिप जागी असते. पण बटण सोडण्याचा क्षणही क्लॉकशी बांधलेला नाहीच. सारखं दाबत राहिलात तर केव्हातरी बटणानंतरही मशीन अडकलेली सापडेल. नशीब म्हणायचं की ती वेळ ग्राहकावर आली नाही.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. रीसेट लागू होताना केव्हाही होऊ दे, सुटताना मात्र क्लॉकच्या कडेवरच सुटला पाहिजे. दोन फ्लिपफ्लॉप एकापाठोपाठ लावा. पहिल्याच्या डी या इनपुटला कायमचा १. दोघांच्या क्लिअरवर कच्चा रीसेट द्या. कच्चा रीसेट म्हणजे पिनेवरचा रीसेट किंवा एमएमसीएमचं 'लॉक्ड' खाली असणं, यातलं काहीही एक. दोघांची सुरुवातीची किंमत ०. दुसऱ्याचं आउटपुट ० आहे तोवर बाकीचं डिझाइन रीसेटमध्ये. कच्चा रीसेट आला की दोघं तत्काळ ० होतात, क्लॉक बंद असला तरी. तो गेला की १ एकेक पायरी चढत दोन कडांनी बाहेर येतो, म्हणजे सुटका नेहमी कडेवर. आणि चिप फ्लॅशमधून जागी झाली तरी लॉक्ड येईपर्यंत रीसेट धरलेलाच असतो, त्यामुळे ते ६ सेकंदांचं प्रकरण आपोआप मिटतं.

अशी जोडी ५० साठी वेगळी, १२५ साठी वेगळी. ५० वाल्या जोडीचं आउटपुट १२५ वाल्यांना दिलं तर पहिले पाढे पंचावन्न. दोन्ही जोड्यांवर असिंक_रेग हे ॲट्रिब्यूट लावा, म्हणजे टूल त्यांना शेजारी-शेजारी ठेवेल आणि हुशारी करून एकत्र करणार नाही.

आता फॉल्स पाथ, म्हणजे 'या वाटेचा वेळ तपासू नको' असं टूलला सांगणं. इथे बरेच जण घोटाळा करतात. कच्च्या रीसेटपासून त्या जोडीच्या क्लिअर पिनांपर्यंत फॉल्स पाथ द्या, तो योग्यच आहे. जोडीच्या आउटपुटपासून पुढे डिझाइनभर जाणाऱ्या तारेवर अजिबात देऊ नका. तिथेच टूल रिकव्हरी आणि रिमूव्हल तपासतं, म्हणजे रीसेट कडेच्या पुरेसा आधी सुटतोय ना आणि कडेनंतर पुरेसा वेळ टिकतोय ना. ती तपासणी झाकली तर एवढा खटाटोप पाण्यात. १२५ मेगाहर्ट्झला हातात ८ नॅनोसेकंदच असतात. तार फार लांबवर पसरली असेल तर रिकव्हरीचा स्लॅक (हाती उरलेला वेळ) मायनसमध्ये येईल. तसं झालं तर ते आउटपुट बीयूएफजीवरून (चिपमधल्या क्लॉकच्या खास रस्त्यावरून) फिरवा किंवा त्याच्या दोन-चार प्रती करा.

आरसीबद्दल एकच सांगते. ती इतकी सावकाश वर चढते की पिनेची उंबरठ्याची रेषा ओलांडताना गोंगाटामुळे आत चार-पाच वेळा ०-१ होऊ शकतं. पुढच्या बोर्डावर तीन पायांचा रीसेट सुपरवायझर घाला, मॅक्स ८०९ सारखा. तो पुरवठा स्थिर झाल्यावर किमान १४० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवतो आणि मग एका झटक्यात सोडतो. आताच्या बोर्डात फ्लिपफ्लॉपच्या त्या जोडीमुळे काम भागेल.

फरक पडला का, हे हाताने स्विच खालीवर करून ठरवू नका. टायमरवर एक रिले लावा, रात्रभर बोर्ड चालू-बंद करू द्या, आणि स्टेट मशीन पुढे सरकली की यूएआरटीवर (संगणकाशी बोलायच्या सिरियल जोडणीवर) एक अक्षर पाठवायला सांगा. बंद-चालू किती झालं आणि अक्षरं किती आली, सकाळी मोजा. आधी जुन्या बिटस्ट्रीमवर अशी एक रात्र काढा. नाहीतर नव्यात शून्य बिघाड आले तरी साहेब विचारतील, आधी किती होते?

प्रश्न : नमस्कार. बँकेतून निवृत्त झालो आणि हा नाद लागला. वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या असाल, चूक असेल तर निःसंकोच कान धरा. टँग नॅनो ९के हे छोटं बोर्ड आहे. एका व्हिडिओतला यूएआरटीचा कोड जसाच्या तसा टाकला. त्यात ११५२०० च्या वेगासाठी ४३४ हा आकडा आहे. संगणकाच्या पडद्यावर नुसता कचरा येतो. टर्मिनलवरचे सगळे बॉड रेट (सेकंदाला किती बिट तो वेग) एकेक करून बदलून पाहिले. दुसरं, एलईडीला १ दिला की विझतो आणि ० दिला की लागतो. (खारघर)

उत्तर : काका, कान तुमचे नाही, त्या व्हिडिओवाल्याचे धरायचे. त्याचं बोर्ड ५० मेगाहर्ट्झचं आहे, हे त्याने सांगायला हवं होतं. ४३४ आला कुठून? ५ कोटी भागिले १,१५,२००. तुमच्या बोर्डावरचा क्रिस्टल २७ मेगाहर्ट्झचा आहे, पिन ५२ वर. २ कोटी ७० लाखांना ४३४ ने भागलं की सुमारे ६२,२०० येतात. तुमचं बोर्ड त्या वेगाने बोलतंय. टर्मिनलच्या यादीत ५७,६०० आहे आणि त्यापुढे थेट १,१५,२००, मधलं काही नाही. म्हणून सगळे रेट फिरवूनही हाती काही लागलं नाही. ५७,६०० वर एखादं अक्षर खरं आल्यासारखं वाटलं असेल, पण ८ टक्क्यांची तफावत दहा बिटांच्या चौकटीत खपत नाही.

तुमचा आकडा २३४. नेमका भागाकार २३४.३७५ येतो. अपूर्णांक सोडून दिल्याने होणारी चूक ०.१६ टक्का, ती सहज चालते. आकडा कोडमध्ये तसा लिहू नका. क्लॉकचा वेग आणि बॉड असे दोन पॅरामीटर करा आणि भागाकार टूललाच करू द्या. व्याजाचा दर प्रत्येक खात्याच्या कागदावर हाताने लिहिण्याचा काळ तुम्ही पाहिला असेल, पुढचं तुम्हाला सांगायला नको.

एलईडी बरोबर वागतोय. या बोर्डावर एलईडीचं दुसरं टोक पुरवठ्याला जोडलेलं आहे, पिन ० झाली की प्रवाह वाहतो. दोन्ही बटणंही तशीच, दाबलं की ०. रीसेटला बटण लावलं असेल तर कोडमध्ये ते उलटं करून घ्या, नाहीतर न दाबताच डिझाइन कायम रीसेटमध्ये राहील. आणखी एक गोष्ट पुढे आडवी येईल. एलईडी आणि बटणं १.८ व्होल्टच्या बँकेत (चिपच्या पिनांच्या गटात) आहेत, यूएआरटीच्या १७ आणि १८ या पिना ३.३ च्या. कॉन्स्ट्रेंट फाइलमध्ये सगळ्यांना एकच मानक लिहिलंत की टूल भांडायला उठेल. इथली बँक तुमच्या ओळखीची नाही, पण नियम कडक आहेत. एका बँकेत एकच व्होल्टेज.

प्रश्न : आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत क्लॉक डिव्हायडरचा प्रयोग आहे. १०० मेगाहर्ट्झवर ४,९९,९९,९९९ पर्यंत मोजायचं, सिग्नल उलटवायचा आणि मिळालेला १ हर्ट्झ पुढच्या काउंटरला क्लॉक म्हणून द्यायचा. दुसऱ्या प्रयोगात बटणच क्लॉक, दाबलं की आकडा एकने वाढावा. यात व्हिवाडो प्लेस ३०-५७४ ची एरर देतं. मुलं क्लॉक_डेडिकेटेड_रूट फॉल्स करून पुढे जातात. आकडा कधी एकने वाढतो, कधी चार-पाचने. टाइमिंग रिपोर्ट मात्र सगळं 'मेट' दाखवतो. मी शिकवतो, त्यामुळे मुलांना नेमकं काय सांगू? (कोपरखैरणे)

उत्तर : सर, रिपोर्टातलं ते वाक्य मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. 'ऑल यूझर स्पेसिफाइड टाइमिंग कॉन्स्ट्रेंट्स आर मेट' असं ते आहे. वापरणाऱ्याने ज्या अटी घातल्या तेवढ्याच पाळल्या गेल्या. अट १०० मेगाहर्ट्झची होती. फ्लिपफ्लॉपमधून निघालेल्या १ हर्ट्झला कुणी क्लॉक म्हणून जाहीरच केलं नाही, त्यामुळे त्याच्यावर चालणारा अख्खा काउंटर तपासणीच्या बाहेर राहिला. त्याच रिपोर्टात 'चेक टाइमिंग' हा भाग उघडा, तिथे 'नो क्लॉक'पुढे आकडा दिसेल. तो शून्य नसेल तर वरच्या 'मेट'ला अर्थ नाही. मी तर रिपोर्ट तिथूनच वाचायला सुरुवात करते, स्लॅक नंतर.

वहीतली पद्धत मला पसंत नाही, हे स्पष्टच सांगते. परीक्षेपुरती एलईडी लुकलुकते, पण सवय लागते आणि ती नोकरीत महागात पडते. चिपमध्ये क्लॉकसाठी वेगळे राजरस्ते आहेत, त्यावरून तो सगळीकडे जवळपास एकाच वेळी पोचतो. फ्लिपफ्लॉपचं आउटपुट क्लॉक म्हणून वापरलं की ते साध्या गल्ल्यांतून जाऊ शकतं, आणि मूळ १०० मेगाहर्ट्झच्या कडेशी त्याचं अंतर काय हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. दोन्हीकडून सिग्नल ये-जा करू लागले की बिघाड सुरू.

त्याऐवजी एनेबल शिकवा. सगळे फ्लिपफ्लॉप १०० मेगाहर्ट्झवरच. एक काउंटर ९,९९,९९,९९९ पर्यंत मोजेल आणि तिथे पोचल्यावर फक्त एका क्लॉकपुरता एनेबल १ करेल. पुढचा काउंटर एनेबल असेल तेव्हाच वाढेल. उलटवण्याच्या पद्धतीत २६ बिटांत भागत होतं, इथे २७ लागतील, एवढाच खर्च. क्लॉक एकच राहतो आणि अटही एकच, १० नॅनोसेकंदांची.

बटणाचंही तेच. प्लेस ३०-५७४ ची तक्रार अशी आहे की ज्या पिनेवरून तुम्ही क्लॉक आणताय ती क्लॉकच्या राजरस्त्याला जोडलेली नाही. टूल एररच्या मजकुरातच फॉल्सची ओळ सुचवतं, म्हणून मुलांना तो उपाय वाटतो. तो इशारा आहे. डब्ल्यू-५ सारखी पिन त्या रस्त्याची आहे, बटणाची नाही, आणि बटणाने क्लॉक व्हायचं कारणच नाही. बटण दाबलं की आतली पत्री काही मिलिसेकंद थरथरते, आणि प्रत्येक थरथर म्हणजे एक चढती कड. तुमचे चार-पाच तिथूनच येतात. बटणाला आधी दोन फ्लिपफ्लॉपमधून न्या. मग सिग्नल २० मिलिसेकंद न बदलता टिकला तरच तो खरा धरा. १०० मेगाहर्ट्झला २० मिलिसेकंद म्हणजे २० लाख ठोके, २१ बिटांचा काउंटर पुरतो. शेवटी आधीची आणि आताची किंमत ताडून एका क्लॉकचा पल्स काढा आणि तोच एनेबल म्हणून द्या. दोन्ही प्रयोग एकाच सांगाड्यावर येतात, वहीत पानंही कमी होतील.

प्रश्न : जुन्या सामानात स्पार्टन-६ चं किट मिळालं. आयएसई १४.७ टाकलं आहे. एक्सडीसी फाइल जोडली तरी पिना लागत नाहीत. (वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर : लागणारच नाहीत. आयएसईला यूसीएफ फाइल लागते, एक्सडीसी ही व्हिवाडोची भाषा. उलट बाजूने व्हिवाडो स्पार्टन-६ ला हात लावत नाही, त्यामुळे नवं सॉफ्टवेअर टाकूनही सुटका नाही. १४.७ ही आयएसईची शेवटची आवृत्ती, २०१३ सालची. यूसीएफमध्ये प्रत्येक नेटला 'लोक' देऊन पिन आणि 'आयओस्टँडर्ड' देऊन मानक लिहा, आणि क्लॉकला 'पिरियड'ची अट घाला. किटच्या सर्किटचा कागद सोबत मिळाला नसेल तर मल्टिमीटर घेऊन ऑसिलेटरच्या आउटपुटपासून माग काढा. चिप बीजीए प्रकारची, म्हणजे पोटाखाली जोडण्या असलेली, असेल तर पिन थेट टोचता येणार नाही, मग त्या किटचा नमुना प्रोजेक्ट मिळवून त्यातली यूसीएफ वापरणं सोपं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आर्डुइनो उनोचा एक सिग्नल बेसिस ३ च्या पीमॉडवर थेट दिला. आधी चालला, आता त्या पिनेवर कायम ० वाचला जातो. एक्सडीसी तीनदा तपासली, बरोबर आहे. (नौपाडा, ठाणे)

उत्तर : एक्सडीसी बरोबरच असणार. उनो ५ व्होल्ट देतो आणि आर्टिक्स-७ ची पिन ५ व्होल्ट सोसणारी नाही. ३.३ च्या बँकेत तिची टोकाची मर्यादा पुरवठ्याच्या वर ०.५५ व्होल्ट, म्हणजे ३.८५. काही काळ चालते आणि मग आतला भाग जळतो. फाइलमध्ये ३.३ लिहिल्याने बाहेरून येणारे ५ व्होल्ट कमी होत नाहीत.

पिन मेली की नाही ते आधी नक्की कर. सगळं काढून त्या पिनेला जंपरने बोर्डावरचेच ३.३ व्होल्ट दे. तरीही ० वाचला तर ती गेली. यापुढे उनोच्या पिनेपासून १ किलोओहम, त्याच्या पुढच्या टोकापासून जमिनीला २ किलोओहम, आणि दोघांच्या मधून एफपीजीएला तार. ५ चे तिथे ३.३ होतात. मंद सिग्नलला एवढं पुरेसं आहे. उलट दिशेला, म्हणजे बेसिसकडून उनोकडे, काहीच लागत नाही, ३.३ ला उनो १ समजतो. पीमॉडवरच्या त्या मेलेल्या पिनेवर मार्करने फुली मार, एक्सडीसीत शेजारची पिन लिही, आणि बोर्ड शाळा-कॉलेजचं असेल तर तिथल्या मॅडमना आजच सांग. पुढची बॅच त्याच पिनेवर दोन दिवस घालवेल.